पाच मार्कांची हायड्रिला

महाराष्ट्रात शाळेत शास्त्र शिकलेला माणूस हायड्रिलाची आकृती काढल्याशिवाय सुटलेला नाही. मोठं चंचुपात्र, त्यात उपडं नरसाळं, नरसाळ्याच्या दांड्यावर उपडी परीक्षानळी, नळीच्या टोकाला साठलेला वायू, आणि नरसाळ्याखाली ती. आकृतीत खरा मान चंचुपात्राचा. ते पट्टीने आखायचं, पाणी तुटक रेघांनी दाखवायचं, बुडबुडे नीट गोल काढायचे. हायड्रिला सगळ्यांत शेवटी, घंटा व्हायच्या बेतात असताना, चार रेघोट्यांत उरकायची. कोणाची तुळस व्हायची, कोणाचं सुरूचं झाड. तरी पाचांपैकी साडेचार मिळत, कारण बाण योग्य जागी जाऊन टेकलाय की नाही एवढंच तपासणाऱ्याला बघायचं असे.

प्रत्यक्ष प्रयोगाच्या दिवशी बुडबुडे येत नसत. तो प्रयोगाचाच भाग असावा अशी आमची समजूत होती. मग बाई पाण्यात चिमूटभर खायचा सोडा टाकत, आणि देठाच्या तुटक्या तोंडातून बुडबुड्यांची माळ सुरू होई. भज्यांच्या पिठात पडणारी वस्तू प्रकाशसंश्लेषणात काय करते, हे विचारायची कोणाची छाती नव्हती. शिवाय प्रयोगवहीत ‘निरीक्षण’ आदल्या रात्रीच लिहून झालेलं असे.

शाळेत हायड्रिला खरोखर ओळखणारा माणूस एकच, प्रयोगशाळेतले मामा. प्रात्यक्षिकाच्या आदल्या संध्याकाळी ते सायकलला बादली अडकवून तळ्यावर जात आणि गुडघाभर पाण्यात उतरून नेमकी तीच घेऊन येत. तळ्यात तिच्या शेजारी आणखी चार हिरव्या वनस्पती असत, पण मामांचा हात चुकत नसे. कशी ओळखता विचारलं, तर म्हणत, “टोकाकडून देठाकडं, उलटी ओढायची. बोटाला खरखर लागली तर आपली. सुळकन गेली तर द्यायची सोडून.” पुढे जाडजूड ग्रंथांत हायड्रिलाची लक्षणं वाचली. पानांच्या कडांना नुसत्या डोळ्यांनी दिसणारे दाते, पानाच्या पाठीवर मधल्या शिरेवर बारीक काटे, सबब स्पर्श खरखरीत. ग्रंथांना याला अर्धं पान लागलं होतं, आणि पाण्यात कसं उतरायचं हे त्यांनी सांगितलंच नव्हतं.

आता मी स्वतः तळ्यावर जातो. तळ्याच्या काठी वाकून पाण्यात बघणाऱ्या माणसाबद्दल आपल्या समाजाला फार कळकळ आहे. पहिल्या दोन मिनिटांत कोणीतरी मागे येऊन उभं राहतं.

“काय पडलं? मोबाइल?”

“नाही हो. वनस्पती बघतोय.”

“कुठाय?”

“ही काय.”

“हे? हे शेवाळ आहे.” आणि माझ्या अज्ञानाची कीव करत गृहस्थ पुढे जातात. त्यांच्यामागून फिरायला आलेल्या काकू येतात. त्यांचा प्रश्न ठरलेला. “औषधी आहे का?” तशी काही नाही म्हटलं तरी त्या हार मानत नाहीत. “शुगरवर चालतं का? नाही? मग गुडघ्याला?” गुडघ्यालाही चालत नाही म्हटल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर उमटतो तो भाव वनस्पतीबद्दल असतो की माझ्याबद्दल, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

सगळ्यांत अवघड भेट निवृत्त अधिकाऱ्यांची. त्यांना सगळं आधीच माहीत असतं. “ही जलपर्णी. सगळी उपटून टाकली पाहिजे. नगरपालिका झोपा काढतेय.” आता जलपर्णी म्हणजे पाण्यावर तरंगणारी, फुगीर देठांची, जांभळ्या फुलांचे तुरे मिरवणारी बाई. मूळची दक्षिण अमेरिकेतली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगालमध्ये आली ती शोभेची म्हणून, आणि आता मुळा, मुठा, पवना, इंद्रायणी कुठेही पुलावरून खाली पाहा, क्रिकेट खेळायला हरकत नाही इतकी सपाट हिरवळ पसरलेली दिसते. ती पाण्याला झाकण घालते. झाकणाखाली अंधार, आणि त्या अंधारात जी उपाशी मरते ती हायड्रिला. म्हणजे साहेबांनी चोरी झालेल्या घरच्याच माणसाला धरलं होतं. पण हे त्यांना सांगेपर्यंत ते पुढच्या बाकावर पोहोचून एका तरुण जोडप्याला कायदा शिकवू लागलेले असतात.

ओळखण्याची रीत तशी सोपी आहे, फक्त हात ओले करायची तयारी हवी. दोरीसारखं लांब, लवचीक खोड. त्याच्या प्रत्येक पेऱ्यावर गोल फिरून आलेली पानं, साधारण बोटाच्या पेराएवढी लांब. ती मोजायची. तीनपासून आठपर्यंत निघतात, पण बहुधा पाच. या मोजणीला फार महत्त्व आहे, कारण जगात हायड्रिलाचे दोन तोतये आहेत. उत्तर अमेरिकेतली एलोडिया आणि दक्षिण अमेरिकेतली इजेरिया. एलोडियाच्या पेऱ्यावर सहसा तीन पानं, इजेरियाच्या चार किंवा जास्त. दोघींच्या पानांचे दाते इतके बारीक की भिंग लागतं. आणि दोघींनाही चिखलात कंद धरता येत नाहीत. मत्स्यालयाच्या दुकानात ‘ऑक्सिजनवाली’ म्हणून जी हिरवीगार जुडी मिळते, ती बहुतेक वेळा इजेरिया असते. तिचे पैसे पडतात, आपली तळ्यात फुकट आहे, त्यामुळे घरी कोणती न्यायची हा प्रश्न मध्यमवर्गाने कधीच सोडवून टाकला आहे.

तळ्यातल्या शेजारणींचाही गोंधळ होतो, पण त्या तोतया नव्हेत, फक्त एकाच चाळीत राहतात. सेरॅटोफायलमची पानं टोकाला दुभंगलेली असतात आणि तिला मुळंच नसतात, वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने अगदी बिनबुडाची. व्हॅलिसनेरियाच्या पानांच्या लांब हिरव्या फिती थेट तळातून उगवतात. युट्रिक्युलेरियाला बारीक फुगे असतात. ते निरुपद्रवी दिसतात, पण ती पाण्यातले सूक्ष्म जीव गिळण्याची सोय आहे. कारा नावाची एक वनस्पती चुरगळली की लसणाच्या वाटेने जाणारा उग्र दर्प येतो. ती दिसते झाडासारखी, पण आहे शैवाल. म्हणजे ‘हे शेवाळ आहे’ म्हणणाऱ्या त्या गृहस्थांना मी कारा दाखवली असती, तर ते बरोबर ठरले असते.

आता खायच्या सोड्याचं. जमिनीवरच्या झाडाला कार्बन डायऑक्साइड हवेतून मिळतो. पाण्यात तो फार सावकाश पसरतो, आणि दाट वाढलेल्या वनस्पतींच्या गर्दीत सकाळचे दहा वाजेपर्यंत संपतही येतो. अशा वेळी बाकीच्या बऱ्याच जणी हात टेकतात. हायड्रिला पाण्यात विरघळलेल्या बायकार्बोनेटमधून कार्बन काढून घेते. खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. बाई चिमूट टाकत होत्या ती तिच्या पानात जेवण वाढत होत्या. एवढ्यावर ती थांबत नाही. कार्बनची टंचाई फार झाली की ती पेशीतली यंत्रणाच बदलते आणि मका-ऊस ज्या पद्धतीने कार्बन बांधतात, साधारण त्या पद्धतीवर जाते. मका आणि उसाच्या पानांत त्यासाठी वेगळ्या पेशींची खास बांधणी असते. हायड्रिला तेच काम एकेका पेशीत, बांधणीशिवाय, गरज पडेल तेव्हा करते. उजेडही तिला थोडा पुरतो. भर उन्हाच्या एक टक्का प्रकाशातसुद्धा तिचं भागतं, म्हणून पहाटे इतर वनस्पती अजून कुशीवर वळत असतात तेव्हा हिची पाळी सुरू झालेली असते. आम्ही हिला चंचुपात्राच्या तळाशी चार रेघोट्यांत काढत होतो.

या पाळीत ती जे करते त्याला तळं म्हणतात. दिवसभर पाण्यात ऑक्सिजन सोडते. मुळांनी चिखल धरून ठेवते, त्यामुळे पाणी गढूळत नाही. विरघळलेली खतं शोषते, त्यामुळे ज्या हिरव्या सूक्ष्म शैवालाने पाण्याचं वाटाण्याचं सार होतं त्याला चरायला कमी उरतं. तिच्या पानापानांवर गोगलगायी फिरतात, झिंगे लपतात, माशांची पिल्लं मोठ्या माशांची दृष्टी चुकवून वाढतात. हिवाळ्यात वारकरी येतात. पंढरपूरचे नव्हेत. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला पाणपक्षी, त्याला आपल्याकडे वारकरी म्हणतात. ते डुबक्या मारून हिचे शेंडे खातात आणि खाताना भांडतात. मत्स्यबीज सोडणारे लोक ज्याला गवत्या म्हणतात तो मासा तर हिच्यावरच पोसतो.

अवगुण सांगायचे तर रात्री तीही श्वास घेते, आणि फार दाट माजली तर पहाटेपर्यंत पाण्यातला ऑक्सिजन ओरबाडून मासे तडफडायची वेळ आणते. सज्जन माणसं जास्त संख्येने एका खोलीत कोंडली तर काय होतं, हे सोसायटीच्या वार्षिक सभेला बसलेल्यांना वेगळं सांगायला नको.

आणि काकूंचा प्रश्न आठवतो. शुगरवर चालतं का? चालायचं, काकू. उत्तर हिंदुस्थानात जुन्या पद्धतीने खांडसरी करत तेव्हा साखरेच्या राशीवर ओल्या पाणवनस्पतींचा थर पसरत. त्यातलं पाणी सावकाश झिरपून साखरेतली मळी धुऊन नेई आणि खालची साखर उजळ निघे. त्या थरात हायड्रिलाही असे. पण तुम्ही विचारत होतात त्या शुगरचा हा इलाज नव्हे, हा तर तिचा कारखाना.

हायड्रिलाचं लग्न हा वेगळाच प्रकार आहे. मादीफूल पाण्याच्या पृष्ठभागावर येतं, तीन पारदर्शक पाकळ्यांचं, इतकं लहान की चष्मा पुसून बघावं लागतं. ते स्वतःभोवती कोरडी हवेची जागा धरून बसतं. नरफूल पानाच्या बगलेत वाढतं, पिकलं की देठ तोडून सुटतं, वर तरंगत येतं आणि पृष्ठभागावर येताच फटकन उघडून परागकण हवेत उडवतं. ते कोरडे उडून मादीफुलात पडले तर कार्य. पाण्यात पडले तर वाया. जन्म पाण्यातला, संसार पाण्यातला, आणि मुहूर्ताला मात्र थेंबभर पाणी चालत नाही. इतका घोळ असल्यामुळे हायड्रिला लग्नावर फारशी विसंबून राहत नाही. तिचा तुटलेला तुकडा, त्यावर एखाददुसरं पेर असलं तरी, नवी वनस्पती होते. शिवाय ती चिखलात मटारएवढे कंद धरून ठेवते. आजी तांदळाच्या डब्यात नोटा लपवायची, तसे. उन्हाळ्यात तळं आटतं, वर भेगा पडतात, पोरं स्टंप रोवतात, आणि हिची ठेव खाली सुरक्षित. कंद कित्येक वर्षं टिकतात. मृगाचं पाणी आलं की पुन्हा उगवते.

आपल्याकडे ती एवढं करूनही ताब्यात राहते, याचं श्रेय अनेकांना आहे, आणि त्यातले बरेचजण सहा पायांचे आहेत. हे श्रेय कळायला मात्र अमेरिकेत जावं लागलं. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला फ्लोरिडातल्या टॅम्पा शहरी मत्स्यालयाच्या धंद्यातल्या एका माणसाकडे श्रीलंकेहून हायड्रिलाच्या काही जुड्या गेल्या. माल पसंत पडला नाही. त्याने तो मागच्या कालव्यात टाकून दिला. काही महिन्यांनी कालव्यात बघतो तो माल दुणावलेला. १९६० च्या सुमारास ती तिथल्या नैसर्गिक पाण्यात सापडू लागली, आणि लोकांनी तिला ‘फ्लोरिडा एलोडिया’ म्हणून आपलीच समजून घेतलं. पानं कोणी मोजली नाहीत. पुढे जनुकं तपासली तेव्हा तिचं नातं थेट बंगळूरच्या नमुन्याशी जुळलं.

गंमत अशी की फ्लोरिडात पसरल्या त्या सगळ्या माद्या. नर नाहीच. एकही लग्न न लागता, तुकड्या-तुकड्यांनी आणि कंदा-कंदांनी त्यांनी सरोवरंच्या सरोवरं व्यापली. दिवसाला एक इंच वाढ. होड्यांचे पंखे अडले, कालवे तुंबले. सरकारने तिला घातक तणांच्या केंद्रीय यादीत टाकलं. फ्लुरिडोन नावाचं तणनाशक वर्षानुवर्षं ओतलं, तर २००० च्या सुमारास लक्षात आलं की काही ठिकाणी तिला ते पचायला लागलंय. तिथे गळ टाकून बसणारे मात्र हिच्यावर खूश, कारण हिच्या गर्दीत बास मासा चांगला सापडतो. म्हणजे ज्या तळ्यावर सरकार तण मारायला जातं, त्याच तळ्यावर मासेमार निषेधाला उभे. हा प्रसंग वाचताना मला अमेरिका प्रथमच आपली वाटली.

मग शास्त्रज्ञांना सुचलं की हिला तिच्या माहेरच्या माणसांनीच आवरावं. ते भारतात आले आणि कीटक गोळा करून घेऊन गेले. १९८७ साली दोन जातींचे कीटक फ्लोरिडात सोडले. एक बारीक माशी, तिच्या अळ्या पानं पोखरतात. तिचं शास्त्रीय नाव हायड्रेलिया पाकिस्तानी, आणि नेलेली भारतातून, त्यामुळे तिच्या कागदपत्रांवर काय काय विचारलं असेल ते असो. ती तिथे रुळली. दुसरा कंद खाणारा सोंडकिडा. याच्यावर मोठी भिस्त होती, कारण चिखलातली ठेव मोडायची ताकद त्याच्यातच. पण त्याची एक अट होती. तळं आटलं पाहिजे. मे महिना आला पाहिजे, चिखल उघडा पडला पाहिजे, मग तो भेगांतून खाली कंदापर्यंत जाणार. फ्लोरिडातली सरोवरं बारा महिने भरलेली. बिचारा काठावर मे महिन्याची वाट बघत संपला. आपण दर उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याचे फोटो काढून हळहळतो, आणि त्या आटण्यावर कोणाचा तरी पोटापाण्याचा व्यवसाय चाललेला असतो.

याच गोष्टीला एक भयाण फाटाही आहे. १९९४ पासून अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत टकले गरुड, म्हणजे त्यांचा राष्ट्रीय पक्षी, झिंगल्यागत उडून मरू लागले. पाव शतक कारण सापडेना. शेवटी २०२१ साली शास्त्रज्ञांनी साखळी जुळवली. तिथल्या हायड्रिलाच्या पानांवर एक विशिष्ट सायनोबॅक्टेरिया वाढतो आणि पाण्यात ब्रोमाइड असलं तर विष तयार करतो. ते पान आपल्या वारकऱ्याचा अमेरिकी भाऊबंद खातो, आणि त्याला गरुड खातो. त्या जीवाचं नाव एटोक्थोनोस हायड्रिलिकोला, म्हणजे हायड्रिलावर राहणारा गरुडमाऱ्या. शाकाहारी वारकरी खाल्ल्याने गरुड मेल्याची ही एवढीच नोंद माझ्या पाहण्यात आहे.

आमच्या गावचं तळं सध्या सुशोभित होत आहे. काठाला काँक्रीट, त्यावर पेव्हर ब्लॉक, स्टीलचे कठडे, रात्री रंग बदलणारे दिवे. पहिला मान अर्थातच ‘शेवाळ’ काढण्याचा. जेसीबीने ते दोन दिवसांत काढलं, कंदांसकट, आणि ट्रॅक्टरने कुठेतरी नेऊन टाकलं. तळाला चिखल धरणारं कोणी उरलं नाही, खतं खाणारं उरलं नाही. पुढच्याच उन्हाळ्यात पाणी पोपटी झालं, आता मात्र खरोखरीच शेवाळाने. मासे वर येऊन तोंडं उघडू लागले. त्यावर उपाय म्हणून तळ्याच्या मध्यभागी पाण्यात हवा मिसळणारं कारंजं बसवलं आहे. ते विजेवर चालतं, संध्याकाळी सहा ते नऊ, आणि गाण्यावर नाचतं. ऑक्सिजन लागतो तो पहाटे, पण पहाटे प्रेक्षक नसतात.

प्रवेशद्वाराशी एक दुकान उघडलं आहे. त्यात काचेच्या टाक्या, लाल मासे, आणि टाक्यांच्या तळाशी खोचायला प्लास्टिकच्या वनस्पती. मी एक उचलून पेऱ्यावरची पानं मोजत होतो. चार निघाली. पुढच्या पेऱ्यावर चार, त्याच्या पुढच्यावरही चार.

“काय बघताय काका?” पोऱ्या म्हणाला. “घ्या बिनधास्त. ओरिजिनल आहे.”